मोर आले तरी चालतील



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १० आणि ११. सोबत त्यावरचं ज्ञानेश्वरीतलं निरूपण.

सहाव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला ध्यानाला कसं बसायचं ते शिकवतात. दहाव्या श्लोकाचा भाव असा, की योग्याने एकांतात, एकट्याने, कशाची आशा न धरता आणि फार पसारा न बाळगता मन आत्म्याशी जोडत राहावं. अकराव्यात जागा आणि आसन येतं. जागा स्वच्छ हवी. आसन स्थिर हवं, फार उंच नको, फार सखल नको. खाली दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र. झालं.

हे सगळं भगवंत कुठे बसून सांगताहेत, ते विसरू नका. कुरुक्षेत्रावर! दोन्हीकडे सैन्य उभं आहे, पहिल्याच अध्यायात शंख वाजून गेलेत, आणि रथावर बसून एकांताचा धडा चालू आहे. आपण म्हणतो, "आमच्या घरात शांतता कुठे आहे ध्यानाला बसायला?" अर्जुनाकडे तर ती आपल्याहूनही कमी होती.

आता माऊलींकडे येऊ. गीतेत जागेबद्दल जेमतेम दोन शब्द आहेत. ज्ञानेश्वर महाराज मात्र तिथे थांबतात आणि एकामागून एक ओव्यांमधून ती जागा आपल्यासमोर उभी करतात. ती जागा अशी, की एकदा बसलं की उठावंसं वाटू नये. नुसती पाहिली तरी वैराग्य दुप्पट व्हावं. जिथे आधी संत राहून गेलेत. ज्याचा देवाधर्मावर विश्वास नाही, त्यालाही तिथे आल्यावर तप करावंसं वाटावं. सहज वाटेने जाणारा कुणी चुकून तिकडे आला तर परत जायचंच विसरावा. विलासात बुडालेल्या माणसालाही वाटावं, की राज्य गेलं तरी चालेल, आपण इथेच राहू. झाडं मुळापासून गोड आणि बारमाही फळणारी, पावलोपावली पाणी, आणि तेही पावसाळ्यात न गढुळणारं. ऊन कोवळं, वारा अगदी मंद.

वाचताना मला वाटतं, माऊली एखाद्या जागेचा पत्ता सांगत नाहीत. मन जिथे टिकतं ती अवस्था कशी दिसत असेल, त्याचं हे चित्र आहे. आणि शेवटी तेच सांगतात : मठ असो की शिवालय, दोन्हींपैकी जे मनाला मानवेल तिथे बसा. मन कुठे टिकतं ते बघा, आणि जिथे टिकेल तिथे आसन घाला.

पण आज मी ज्यासाठी लिहायला बसले आहे, ती ओवी या वर्णनाच्या मधे आहे. पाच-सहा वर्षांत ती कितीतरी वेळा वाचली असेल आणि दर वेळी पुढे निघून गेले. माऊली आवाजाबद्दल बोलतात. ते म्हणतात, जागा बहुतांशी नि:शब्द असावी. बहुतांशी! श्वापदांची गर्दी तिथे शिरू नये. पोपट नकोत, भुंगे नकोत. पण पाण्याकाठी हंस असावेत, दोन-चार सारस असावेत. एखाद्या वेळी कोकीळ येऊन बसली तर बसू दे. आणि मोर? कायमचे नकोत, पण अधूनमधून आले-गेले तर त्यालाही आपली काही हरकत नाही, असं माऊली अगदी मोकळेपणाने सांगतात.

मोराचा आवाज तुम्ही ऐकलाय ना? पावसाळ्याच्या तोंडावर रानात मोर ओरडला की एक मैलावरचा माणूस दचकतो. तो काही बासरीसारखा मंद स्वर नाही. आणि जगातल्या सगळ्यात सुंदर ध्यानाच्या जागेचं वर्णन करताना माऊली त्या मोराला येऊ देतात.

ही ओवी मला कळली ती एका सकाळी, आणि कळली ती माझी चूक झाल्यावर. सांगायला जरा लाज वाटते, पण सांगते.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि ती महिनाभर माझ्याकडे राहायला आली होती. माझा वन बीएचके. ती गावाकडे मोठ्या घरात राहिलेली, जिथे पहाटे उघडलेलं पुढचं दार रात्री जेवणं झाल्यावरच बंद होतं. इथे मी रोज पहाटे सव्वासहाला बेडरूममधल्या देव्हाऱ्यासमोर बसते. वीस मिनिटं जप, मग थोडं वाचन, मग आंघोळ-डबा-लोकल. ती वीस मिनिटं म्हणजे माझा दिवसभराचा आधार. ऑफिसात कुणी काहीही बोललं तरी मनात म्हणायचं, सकाळची माझी जागा माझी आहे, तिथे कुणी येऊ शकत नाही.

घरात माणूस वाढलं म्हणून मी आतून कडी लावायला लागले.

त्या सकाळी माळ अर्धी झाली होती. दारावर हलकी टकटक झाली. "अगं, झालं का तुझं? ते थेंब घालायचे होते." डोळ्यात ठरलेल्या वेळी थेंब घालायचे होते आणि ते माझं काम होतं. तिला स्वत:ला जमत नव्हतं, हात थरथरतो तिचा. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी आतून ओरडले, "आई, दिवसातली वीस मिनिटं तरी मला देवाजवळ शांत बसू देशील का?"

बाहेर एकदम शांत झालं. मला हवं होतं तस्संच. त्या शांततेत मी माळ पूर्ण केली, १०८. ॲपवर आकडा नोंदवला आणि बाहेर आले.

आई हॉलमध्ये खुर्चीवर मान मागे टाकून बसली होती. हातात ती छोटी बाटली. थेंब डोळ्यात न जाता गालावरून ओघळले होते आणि ती पदराने टिपत होती. मला बघून म्हणाली, "तू कशाला उठलीस? होऊ दे ना तुझं सावकाश. मला वाटलं, जमेल."

मी थेंब घातले. त्या दिवशी त्यावर आम्ही दोघीही काही बोललो नाही. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या लक्षात यायला लागलं, की माझी कडी निघेपर्यंत ती दिवा लावत नाही, नळ सोडत नाही, चहा ठेवत नाही. हॉलमध्ये अंधारात नुसती बसून राहते. मुलीला देवाजवळ बसायचंय म्हणून.

घरात मी देवासाठी जागा केली होती आणि ती करताना आईची जागा काढून घेतली होती.

आणि आणखी एक गोष्ट. त्या बंद खोलीत माझ्यासोबत काय होतं? मोबाईल. जप मोजायला म्हणून शेजारी ठेवलेला. मधे एकदा त्याचा उजेड पडला होता आणि मी बघितलंही होतं. ग्रुपवर कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं होतं. म्हणजे अख्खं गाव आत होतं, आणि आई तेवढी कडीच्या बाहेर.

त्या रात्री मी पुन्हा तीच ओवी काढून वाचली. माऊलींनी आवाजांची निवड केली आहे, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पोपट आणि भुंगे नकोत म्हणतात. माझी साधी समजूत अशी : पोपट ऐकलेलंच पुन्हा पुन्हा बोलतो, भुंगा सतत कानाशी गुणगुणत राहतो. मोर मात्र येतो आणि जातो. काही आवाज आपली जागा पोखरत राहतात, ते बाहेर ठेवावेत. काही आवाज जिवंत माणसांचे असतात, त्यांना यायला-जायला वाट असावी. मी नेमकं उलटं केलं होतं. भुंगा उशाशी घेतला होता आणि मोराला हाकलला होता.

माऊलींच्या चरित्रातही एक बंद दार आहे, तुम्हाला माहीत आहेच. ताटीची कथा. परंपरा सांगते, की एकदा ज्ञानेश्वर महाराज भिक्षेला गेले असताना कुणीतरी त्यांना टोचून बोललं, अपमान केला. संन्याशाची मुलं म्हणून या चार भावंडांनी काय काय सोसलं होतं! आई-वडील गेलेले, समाजाने वाळीत टाकलेलं. त्या दिवशी ज्ञानदेव झोपडीत आले आणि ताटी लावून, म्हणजे ते कुडाचं दार ओढून, आत बसून राहिले. किती माणसासारखं आहे हे! कुणालाही आत येऊ द्यायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही.

दाराबाहेर कोण उभं राहिलं? मुक्ताबाई. भावंडांतली सगळ्यात धाकटी. तिचे ताटीचे अभंग आपण आजही गातो. तिने दार ढकललं नाही, भावाला दोषही दिला नाही. आपण कोण आहोत, संताने जगाच्या रागाला कसं सामोरं जायचं असतं, याची ती आठवण देत राहिली. आणि दार उघडलं.

मी विचार करते, ज्ञानदेव त्या झोपडीत ध्यान नसतील का करू शकत? त्यांच्याइतका योगी कोण? तरीही मुक्ताईला ते दार उघडलेलंच हवं होतं. कारण एकांत आणि रुसवा बाहेरून अगदी सारखे दिसतात. दोन्हीत माणूस एकटा बसतो, दोन्हीत डोळे मिटलेले असतात. फरक आत असतो. एकांतातून उठलेला माणूस जगाकडे मऊ होऊन येतो. रुसव्यातून उठलेला माणूस बाहेर येतो तो "मला कुणी समजून घेत नाही" असं म्हणत. माझ्या त्या वीस मिनिटांत किती एकांत होता आणि किती रुसवा, हे मी स्वत:ला पहिल्यांदाच विचारलं. उत्तर फारसं आवडलं नाही. ऑफिसचा राग, थकवा, आपल्याला कुणी मोकळं सोडत नाही ही तक्रार, हे सगळं मी देव्हाऱ्यासमोर नेऊन ठेवलं होतं आणि त्यावर माळ फिरवत होते.

आत्मपरीक्षण म्हणतात ते बहुतेक हेच. डोळे मिटून प्रकाश दिसणं ही पुढची गोष्ट. आपण आत्ता दार कुणावर लावलंय, हे दिसणं आधी.

मग काय, एकांत सोडायचा? साधनेची वेळ ठेवायचीच नाही? चोवीस तास सगळ्यांसाठी हजर राहायचं? नाही हो. इथे पंढरपूरची एक प्रथा फार सुंदर शिकवते.

एरवी विठ्ठलाचे रोजचे उपचार ठरलेले असतात. पहाटे काकडा, रात्री शेजारती, मग देव झोपतो. गाभारा बंद होतो. देवालाही विश्रांती आहे. पण आषाढीची यात्रा जवळ आली की देवाचा पलंग काढतात. शेजारती थांबते, आणि दर्शन रात्रंदिवस चालू राहतं. लेकरं इतक्या लांबून चालत आलीत, मग देव झोपेल कसा? यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते. उभं राहून दमलेल्या देवाचा शीण घालवायचा म्हणून त्याला स्नान घालतात, काढा देतात. मग पलंग पुन्हा आत येतो.

हे दोन्ही लक्षात ठेवण्यासारखं आहे. गाभाऱ्याला दार आहे, आणि ते बंद करण्यात काही पाप नाही. पण कुणी खरंच पायी चालत दाराशी आलं, तर पलंग बाजूला करता आला पाहिजे. आणि तसं केल्यावर, दमल्यावर, आपला शीण घालवायचीही सोय हवी. आपल्या मनातला गाभारा असाच असावा. ज्याला कडी आहे, पण जी आतून कधीही काढता येते.

तुकोबांचा भंडारा डोंगरही असाच आठवतो. देहूजवळच्या त्या डोंगरावर महाराज एकांतात नामस्मरण करत बसत. आपण त्या एकांताचं फार कौतुक करतो. पण जिजाई रोज डोंगर चढून त्यांच्यासाठी भाकरी घेऊन जायची, हेही आपण सांगतो. तिच्या पायात काटा रुतला आणि खुद्द विठ्ठलाने तो काढला, अशी कथा आहे. या कथेत देव डोंगरमाथ्यावर ध्यानापाशी थांबलेला नाही. तो खाली वाटेत, जिजाईच्या पायाशी बसलाय. आपल्या प्रत्येकाच्या एकांतासाठी कुणीतरी डोंगर चढत असतं. कुणी दूध तापवतं, कुणी मुलाला सांभाळतं, कुणी अंधारात चहा न ठेवता बसून राहतं. त्यांच्या पायात काटा आहे का, हे बघायला आपण उठतो का?

आता गीतेकडे परत. याच अध्यायात पुढे, २६व्या श्लोकात भगवंत सांगतात, की चंचल मन जिथे जिथे धावेल तिथून तिथून त्याला वळवून आणावं आणि आत्म्याच्या ताब्यात ठेवावं. मन भरकटणारच, हे त्यांनी गृहीत धरलंय! परत आणणं, एवढंच आपलं काम. म्हणजे जप चालू असताना आईची हाक आली, उठलो, थेंब घातले, पुन्हा येऊन बसलो, तर साधना मोडली असं समजायचं कारण नाही. परत येणं हीच तर साधना आहे. अंतरीचं मंदिर एकदा बांधून, कुलूप लावून ठेवायची वस्तू नव्हे. रोज कितीतरी वेळा तिथून बाहेर पडायचं आणि तितक्याच वेळा वाट शोधत परत यायचं. येऊन-जाऊनच वाट मळते.

आणि ३२व्या श्लोकात तर परीक्षाच आहे. दुसऱ्याचं सुख-दु:ख जो स्वत:सारखंच बघतो, तो योगी भगवंतांना सगळ्यात श्रेष्ठ वाटतो. एकांतातल्या आसनापासून सुरू झालेला अध्याय इथे येऊन पोचतो, दुसऱ्याच्या दु:खापाशी. आपली साधना नीट चालली आहे का, हे कळायला ॲपवरचा आकडा उपयोगाचा नाही. आसनावरून उठल्यावर समोर येणाऱ्या पहिल्या माणसाशी आपण कसं बोललो, ते बघावं.

आजच्या दिवसासाठी तीन छोट्या गोष्टी. जमतील तेवढ्याच करा.

एक, बसायच्या आधी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. जप बोटांच्या पेरांवर मोजा. चुकला आकडा तर चुकू दे, देव हिशेब तपासत बसत नाही.

दोन, बसल्यावर पहिलं अर्धं मिनिट स्वत:ला विचारा, "मी इथे येऊन बसलोय, की कुणापासून पळून बसलोय?" उत्तर काहीही येवो, उठू नका. ते उत्तरच त्याच्यापुढे ठेवा आणि नाम सुरू करा. रागावलेलं मन घेऊन गेलात तरी तो परत पाठवत नाही.

तीन, उठल्यावर घरातल्या एका माणसाला विचारा, "तुला काही हवंय का?" एकटे राहत असाल तर फोन करा. हॉस्टेलवर असाल तर रूममेटला चहा विचारा. आजचा प्रसाद म्हणून एवढंच.

आई आता गावी परत गेली आहे. डोळा छान झालाय, पेपर वाचते. जायच्या आधीचे दोन आठवडे मी कडी काढून, दार नुसतं लोटून बसायचे. बसायच्या आधी तिचे थेंब, मग माझा जप. ती दाराबाहेर तांदूळ निवडत बसायची. तांदळाचा तो सूपातला आवाज माळेच्या मधे मधे यायचा. त्या दिवसांइतका जप माझा आधी कधी लागला नव्हता, आणि नंतरही क्वचितच लागलाय.

आता घरात मी एकटी असते. दाराबाहेर कुणी नसतं, तरी कडी लावत नाही. कधीकधी बरोबर त्याच वेळी हॉलमध्ये फोन वाजतो. एवढ्या पहाटे कुणाचा असतो, मला माहीत असतं. मी माळ देव्हाऱ्यात ठेवते आणि उठते.

पांडुरंगा, मला तुझ्याजवळ बसायला जागा दे. आणि त्या जागेला असं दार दे, की बाहेरून कुणी हाक मारली तर ती मला आत ऐकू येईल.

राम कृष्ण हरी!